वाघोबाच्या ठाण्यापाशी



नालासोपाऱ्यात उभे राहून दुसऱ्याच्या देवस्थानाविषयी बोलायचे, तर आरंभ आपल्याच अंगणापासून करावा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरुड राजाचा कोट खणला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक निघाला, त्यात एकात एक अशा डब्या, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणी श्रद्धेने जपलेले. बाजारात त्यांना कवडी आली नसती. पवित्र वस्तू दिसायला पवित्र असतेच असे नाही, याची ही आपल्याच गावची साक्ष.

आता पावसाळ्यात आपण जव्हार-डहाणूकडे धबधबे पाहायला निघतो. वाटेत झाडाखाली शेंदूर फासलेली एक फळी किंवा दगड दिसतो. त्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. ना कळस, ना घंटा. आपल्याला वाटते, ही टेकायला बरी जागा. तो वारल्यांचा वाघोबा असतो! महाराष्ट्रातील अशा सुमारे दीडशे ठाण्यांची नोंद अभ्यासकांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. वाघबारशीला त्याची पूजा होते, कोंबडे चढते, आणि वाघ-बिबट्याने माणसाला व गुराला राखावे असे मागणे होते. ज्या रानात बिबट्या आजही फिरतो, तेथे हे मागणे हौसेचे नव्हे.

तेथे बाटली फोडू नये, हे सांगण्यासाठी व्याख्यान नको. अवघड आहे ते भाविक पाहुण्याचे. त्याला ते उघडे ठाणे पाहून दया येते. तो फरशी बसवून देतो, पत्र्याची शेड घालतो, देणगीदाराचे नाव कोरतो, आणि कोंबडे-ताडी पाहून नाक मुरडतो. उपद्रवी पाहुणा परत जातो. हा मात्र मागे फरशी ठेवून जातो. मला अधिक भय याचेच वाटते.

वारली चित्रांचेही तसेच. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, चित्रे जगभर गेली, यात आनंदच आहे. पण लग्नघरी सुवासिनी भिंतीवर जो देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. नाचणारी माणसे चादरीवर खुशाल छापा. देवीचा चौक पायपुसण्यावर नको.

मग पाहुण्याने करावे काय? विचारावे. पाड्यावर भगताला, जाणत्या माणसाला विचारावे: येथे यावे का, पायताण कोठे काढावे, छायाचित्र चालेल का? ‘नाही’ म्हटले तर हसून मागे फिरावे. ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी-परंपरांचे रक्षण करण्यास अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा समर्थ मानली आहे. ऑस्ट्रेलियात उलुरू हा प्रचंड खडक १९८५ साली अनंगू लोकांना परत मिळाला. ‘चढू नका’ अशी त्यांची विनंती होती, तरी लोक चढत राहिले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. मधली चौतीस वर्षे विनंती ऐकू न येण्यात गेली.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा याच चैत्रात भरते. आपल्यापैकी पुष्कळजण जातील. जाताना महामार्गावरून पाड्याकडे नजर टाका. शेंदराची फळी दिसली, तर गाडीचा कर्णा तेवढा आवरा.