झोपेचे यंत्र आणि घरची माणसे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यास, परीक्षा, शिष्यवृत्ती या विषयांवर या व्यासपीठावरून जाणकारांनी आपणांस पुष्कळ सांगितले आहे. मी आज घोरण्याविषयी बोलणार आहे. आपण हसलात. घोरण्यावर हसण्याची आपल्या घरांतून जुनीच रीत आहे, आणि माझे निम्मे भाषण त्या हसण्याबद्दलच आहे.

कोणी मोठ्याने घोरू लागला की आपण म्हणतो, दिवसभर राबून आला आहे, गाढ झोपला आहे. पुष्कळदा प्रकार नेमका उलट असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की हवेची वाटच बंद होते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास थांबतो. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो आणि मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. तासाला तीस किंवा अधिक वेळा असे होत असेल तर विकार तीव्र समजतात. त्याचे नाव स्लीप ॲप्निया. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध आहे, आणि दिवसा डोळ्यांवर झापड येते ती वेगळीच.

हा श्रीमंतांचा किंवा परदेशचा आजार नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००४ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात शंभरांमागे ७.५ पुरुषांना हा विकार असावा असा अंदाज निघाला. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच विकाराचे नाव सांगितले. पुष्कळांनी हा शब्द त्या आठवड्यात प्रथम ऐकला.

आमच्या घरी तो अब्बांमुळे आला. अब्बा टेम्पो चालवतात. पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि कॅम्पात पोचवायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा. एके दिवशी स्वारगेटच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी टेम्पो हलेना. मागच्यांनी भोंगे वाजवले, शेवटी एका रिक्षावाल्याने उतरून खांदा हलवला, तेव्हा अब्बा जागे झाले. सुदैवाने गाडी उभी होती. तपासणीत तासाला ४१ वेळा श्वास अडतो असे निघाले आणि डॉक्टरांनी सी-पॅप यंत्र लिहून दिले.

विद्यार्थी मित्रांसाठी या यंत्राची थोडी हकीकत सांगतो. १९८० पर्यंत तीव्र विकारावर मुख्य उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून तेथून श्वास देणे. त्या साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे एका रुग्णाने तसे करून घेण्यास नकार दिला. डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, हवा आत ओढण्याऐवजी नळीतून नाकात सोडली, आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. १९८१ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात पाच रुग्णांची माहिती छापून आली. आजचे यंत्र पुस्तकांच्या जाडजूड गठ्ठ्याएवढे असते आणि त्याचा आवाज पंख्याखाली दबतो, पण तत्त्व तेच. त्यात प्राणवायूचे नळकांडे नसते. खोलीतील साधी हवा किंचित दाबाने घशात जाते आणि वाट उघडी धरून ठेवते.

यंत्र घेतले म्हणजे काम झाले असे आम्हांस वाटले. किंमत दोन महिन्यांच्या कमाईएवढी, तेव्हा ते वापरले जाणारच! अकराव्या दिवशी ते कपाटात गेले.

कारणे ऐका, कारण ती बहुतेक घरांत हीच असणार. विक्रेत्याने नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दिला होता. अब्बांना दाढी आहे. दाढीवर तो मास्क घट्ट बसत नाही, कडेने हवा निसटून डोळ्यांवर फुंकर बसते, आणि पट्टा आवळला तर गालावर वळ उठतात. तोंड कोरडे पडे. लाइट गेली तर आपण गुदमरून मरू, अशी धास्तीही होती. पण सर्वांत मोठे कारण हवेचे नव्हतेच. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. पाहुणे येणार म्हटले की अम्मी ते यंत्र खाटेखाली सरकवीत आणि वर चादर सोडीत. 'मुलीचा बाप आजारी आहे असे उठेल', ही त्यांची भीती. अब्बा बोलले काहीच नाहीत. पण जी वस्तू घर लपवते ती माणूस रोज रात्री तोंडाला कशी लावणार?

मास्कचा प्रश्न डॉक्टरांनी एका भेटीत सोडवला. नाकपुड्यांशी टेकणारा लहान मऊ मास्क मिळतो, त्याला दाढीची अडचण नाही. ज्याचे तोंड झोपेत उघडे राहते त्याला मात्र तो सहसा चालत नाही. यंत्राच्या पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घातल्यावर कोरडेपणा गेला. नळाचे पाणी घालू नये, क्षार साचतात. लाइटबद्दल डॉक्टर म्हणाले की मास्कला हवेची वाट ठेवलेली असते, वीज गेली तर माणूस तोंड उघडतो, जागा होतो आणि मास्क काढतो. आरंभी हवा हळू येऊन पुढे दाब वाढावा अशी सोय यंत्रातच आहे. सवय मात्र दिवसा करावी लागली. आठवडाभर अब्बा संध्याकाळच्या बातम्या मास्क लावून पाहत. माझ्या मुलीने त्याला हत्तीची सोंड असे नाव दिले आणि अब्बा स्वतःच हसले, तेव्हा मला वाटले आता जमेल.

खाटेखालचा प्रश्न अम्मींनीच सोडवला. बहिणीच्या होणाऱ्या सासूबाई घरी आल्या असता अम्मींनी यंत्र जागेवरच ठेवले आणि विचारल्यावर सांगून टाकले. त्या बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'आमचे हेही असेच घोरतात. मध्येच आवाज थांबतो, तेव्हा मी उठून बसते.' ते लग्न झाले.

अब्बा रोज आठ तास मास्क लावतात असे मी सांगणार नाही. आठवड्यातून एखादी रात्र पहाटे तीनला तो उशीपाशी पडलेला असतो. अम्मी तो पुन्हा लावतात. रमजानमध्ये सेहरीनंतर आडवे होतानाही तो लावावा लागतो, कारण पहाटेच्या स्वप्नाच्या झोपेत घसा अधिकच सैल असतो. टेम्पो मात्र अब्बांनी डॉक्टरांनी होकार देईपर्यंत चालवला नाही. त्या काळात माझ्या चुलतभावाने फेऱ्या केल्या.

पालकांना शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगावयाची आहे. वर्गात डुलक्या घेणारा, तोंड उघडे ठेवून श्वास घेणारा मुलगा आळशी किंवा मोबाइलवेडा आहे असे आपण लगेच ठरवतो. तो रात्री घोरतो का, हे एकदा त्याच्या आईला विचारावे. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागील ग्रंथी यांमुळे हाच विकार होतो, आणि पुष्कळ मुलांना यंत्राची गरज न पडता शस्त्रक्रियेने बरे वाटते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवेपर्यंत त्याला मारू नका. दुसऱ्याचे यंत्र मात्र कोणी मागून आणू नये. दाब प्रत्येकाचा वेगळा ठरवावा लागतो.

अब्बांचा पहिला मोठा मास्क साबणाच्या पाण्याने धुऊन मी येथे टेबलावर ठेवला आहे. चहा येईपर्यंत ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी जवळ येऊन हातात घेऊन पाहावा. अब्बाही मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांना काही विचारावयाचे असेल तर जरूर विचारा.