ऐकीव आणि पडताळलेलें

इ. स. १८९७ च्या एप्रिल महिन्यांत लंडन येथें वेल्बी कमिशनपुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील एका प्राध्यापकाची साक्ष झाली. वय अवघें तीस. विषय हिंदुस्थान सरकारचा जमाखर्च. सभासदांनीं उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले. परंतु गोपाळ कृष्ण गोखले आपल्या आंकड्यांवर ठाम राहिले. त्या आंकड्यांमागें न्यायमूर्ति रानड्यांची शिस्त होती, तशीच सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांची मेहनतही होती. सरकारी अहवालांच्या रुक्ष रकान्यांतून देशाची स्थिति वाचणारा हा शाळामास्तर आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेला आहे, हें शाळामास्तरांच्या रीतीस धरूनच झालें म्हणावयाचें.

इतक्या काटेकोर मनुष्याच्या हातून त्याच मुक्कामांत एक मोठी चूक झाली.

त्या वर्षीं पुण्यांत प्लेगनें कहर केला होता. रँडसाहेबांच्या देखरेखीखालीं गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेत. त्यांस स्वयंपाकघर काय आणि देवघर काय, सारखेंच. तक्रारींनीं वर्तमानपत्रें भरून गेलीं. स्नेह्यांचीं पत्रेंही विलायतेस जात. त्यांत एक भयंकर मजकूर आला : सोल्जरांनीं दोन स्त्रियांची अब्रू घेतली व त्यांपैकीं एकीनें जीव दिला. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली आणि विलायतेंत पुण्याच्या नांवाचा गवगवा झाला. अशा वेळीं गोखल्यांनीं तो मजकूर ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राच्या प्रतिनिधीस सांगितला. मुंबई सरकारनें तो साफ नाकारला.

आंकड्यांच्या बाबतींत जी सावधगिरी होती, ती येथें कां राहिली नाहीं? आंकडे सरकारी दप्तरांतले, म्हणजे प्रतिपक्षाचे. ते दहादां तपासले गेले. पत्रें विश्वासू माणसांचीं. तीं तपासावयाचीं असतात हें सुचलें नाहीं. लिहिणारा खोटें लिहिणार नाहीं, हें मान्य. पण त्यानें तें स्वतः पाहिलें होतें, कीं त्यासही कोणी येऊन सांगितलें होतें? हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आड लपून बसतो. सोयरीक जुळवितांना, घर भाड्यानें घेतांना, दुखण्यावर औषध निवडतांना सुशिक्षित कुटुंबांतही असेंच चालतें : सांगणारा भला, म्हणून सांगितलेलें खरें.

जुलैअखेर गोखले मुंबईस परतले. थोड्याच दिवसांपूर्वीं, २७ तारखेस, टिळकांस अटक झाली होती. अशा दिवसांत पत्रलेखकांपैकीं कोणी पुढें येऊन साक्ष द्यावयास धजेना, यांत नवल नाहीं. गोखल्यांनीं त्यांचीं नांवें उघड केलीं नाहींत. मोघम खुलासा करून वेळ मारून नेतां आली असती; त्यांनीं तसें केलें नाहीं. ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग कमिटी व सोल्जर यांची जाहीर रीतीनें बिनशर्त माफी मागितली.

पुण्यांत त्यांची भित्रा म्हणून हेटाळणी झाली. त्या रोषास कारणही होतें. झडत्यांचा जुलूम लोकांनीं डोळ्यांनीं पाहिला होता, आणि माफीमुळें तोही खोटा पडल्यासारखा झाला. वास्तविक त्या माफीनें एवढेंच ठरलें कीं ती गोष्ट सिद्ध करतां आली नाहीं. ती घडलीच नाहीं, असें ठरलें नाहीं. परंतु एक बिनपुराव्याचें विधान शेजारच्या दहा पुराव्याच्या विधानांचें वजन घालवितें. गोखल्यांची चूक ती ही. माफी मागणें ही नव्हे.

पुढें १९०२ च्या २६ मार्च रोजीं कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांचें अंदाजपत्रकावर भाषण झालें. खजिन्यांत शिल्लक होती, तेव्हां प्रजा सुखी असली पाहिजे, असा सरकारी ग्रह होता. गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे मांडून दाखविलें कीं सुमारें १३ पेन्सांवर उतरलेला रुपया १६ पेन्सांवर चढल्यामुळें विलायतेस पाठवावयाच्या रकमेंत बचत झाली. कर मात्र रुपया उतरलेला असतांना बसविलेले तसेच राहिले. शिल्लक होती ती एवढ्यामुळें. मिठावरील कर मणामागें अडीच रुपये होता. तो कमी करण्याचा आग्रह त्यांनीं धरला. १९०३ सालीं तो दोन रुपये, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला. या घटीचें सर्व श्रेय एका भाषणास देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु त्या आंकड्यांस उत्तर देणें सरकारास जड गेलें, हें खरें.

गोखले १९१५ सालीं वारले. त्यांच्या नांवाची अर्थशास्त्राची संस्था १९३० सालीं पुण्यांत निघाली आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ झाले. पुणेकरांच्या सांपत्तिक स्थितीविषयीं बोलणारे शहरांत पुष्कळ होते. ती मोजून पाहण्याचें काम या संस्थेनें १९३६-३७ सालीं हातीं घेतलें. त्या पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या पेठांतून चाळीस वर्षांपूर्वीं सोल्जर शिरले होते, त्याच पेठांत आतां कागद घेतलेला तपासनीस उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारूं लागला : घरांत माणसें किती, मिळवतीं किती, खोल्या किती, भाडें काय?