यजमान कोण आणि पाहुणा कोण?



भ्रमणध्वनीला जोडावयाचे एखादे उपकरण घरी बनवायचे झाले, तर पहिली अडचण विद्युतशास्त्राची नसते, परवानगीची असते. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने २००५ मध्ये आयपॉडच्या जोडउपकरणांसाठी परवाना योजना सुरू केली. पुढे ती आयफोन आणि आयपॅडलाही लागू झाली. केबलने जोडावयाच्या अधिकृत उपकरणात ओळख पटविणारी विशिष्ट चिप हवी आणि ती मिळण्यासाठी कंपनीशी करार हवा. हौशी विद्यार्थी दारातच थांबला.

मे २०११ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी निराळा मार्ग खुला केला. जोडउपकरणांचा करारमुक्त शिष्टाचार प्रसिद्ध केला आणि सोबत एक विकास संच दिला. त्याचा पाया होता ‘आर्दुइनो मेगा २५६०’ हा बोर्ड. त्यावरील मायक्रोकंट्रोलर अवघा आठ बिटांचा, वेग १६ मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ किलोबाइट. त्याच वर्षी मायक्रोचिप कंपनीनेही आपल्या पीआयसी२४एफ चिपवर आधारलेला संच बाजारात आणला.

यातील योजना मोठी मार्मिक होती. यूएसबी जोडणीत एक यजमान असतो, दुसरा पाहुणा. त्या काळचे बहुतेक फोन यजमानपद सांभाळू शकत नसत. म्हणून ते छोट्या बोर्डाकडे सोपविले गेले. बोर्डाने पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर वीज पुरवायची, आपले नाव, निर्माता आणि आवृत्ती सांगायची. मग फोन त्याला साजेसे अ‍ॅप उघडणार. हजारो रुपयांचा फोन पाहुणा आणि विद्यार्थ्याने जोडलेला बोर्ड यजमान! आपल्याकडे पाहुण्याची उठबस यजमानानेच करायची असते; येथेही तेच.

गूगलचे हे औदार्य निर्हेतुक होते, असे मानण्याचे कारण नाही. जोडउपकरणांच्या बाजारात अ‍ॅपल पुढे होती, हे उघड होते. पुढे बरीचशी कामे ब्लूटूथवर होऊ लागली आणि ते मूळ संच मागे पडले. आर्दुइनो मात्र टिकला. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ मध्ये तो जन्मला तो अभियंत्यांसाठी नव्हे, तर कलाकल्पनेच्या विद्यार्थ्यांसाठी. आणि त्याचे आराखडे कोणालाही खुले होते.

आपल्या शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत सहावी ते बारावीची मुले असेच बोर्ड हाताळतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु बोर्डावरची चिप कोणाची, हा प्रश्न त्या मुलांनी विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर आता देशातही मिळू लागले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ प्रोसेसरमालिका रचली. तिच्यावर आधारलेली ‘तेजस३२’ ही ३२ बिटांची, १०० मेगाहर्ट्झची चिप ‘एरीज’ बोर्डांवर बसविलेली आहे. आर्दुइनोसाठी वापरतात त्याच सॉफ्टवेअरमधून हे बोर्ड चालविता येतात. त्यांचा आज्ञासंच, रिस्क-व्ही, कॅलिफोर्नियातील बर्कलीचा आहे. त्यात कमीपणा नाही. तो खुला असल्यामुळेच येथील अभियंत्यांना त्यावर स्वतःची चिप रचता आली. शाळेच्या खरेदीयादीत हे नाव घालणे मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या हाती आहे.