मुलांचे ईमान आणि घरातील वळण



मुलांवर धर्माचे संस्कार कसे करावेत, या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे मंडळाने मला सांगितले. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या बायका आहेत. मी आमच्या मुसलमान घरातले सांगणार. जिने तिने ते आपल्या घराशी ताडून पाहावे.

मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याची बिस्मिल्ला करण्याची चाल आमच्यात पुष्कळ घरी आहे. मग ते कायदा घेऊन मक्तबात जाऊ लागते. पुढे कुरआनचे 30 सिपारे. मौलवीसाहेब अक्षरे शिकवतात, पाठ करून घेतात. परंतु मक्तबात मूल तासभर असते, बाकीचा वेळ आपल्या पदराशी. धडा तिथला असला तरी वळण घरचेच लागते.

2020 साली टाळेबंदीत रमजान आला तेव्हा हे सर्वांना कळले. मशिदी बंद, मक्तब बंद. तरावीची नमाज लोकांनी घरीच पढली, ईदचीही घरीच. ज्या घरात रोजचे वळण होते, तिथे मुलांना काही नवे वाटले नाही.

हे वळण म्हणजे काही मोठे नव्हे. घास घेण्यापूर्वी बिस्मिल्ला, जेवण झाल्यावर शुक्र, घरात येताना सलाम. मात्र त्याचा अर्थ मुलांना आपल्या बोलीत सांगावा. सलाम म्हणजे समोरच्याला शांती लाभो, हे कळलेले मूल सलाम करून लगेच भावाला चिमटा काढायला जरा थबकते.

वजूचेच घ्या. आमच्या कोकणात पाऊस एवढा पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ते स्वतः एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वजू करीत. म्हणून मुलाच्या हाती एक तांब्या द्यावा आणि एवढ्यात भागव म्हणावे. पाणी वाचवणे हाही दीनच, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

सातव्या वर्षापासून मुलांना नमाज पढायला सांगावे असे आहे. त्याआधी त्यांनी बघावे, बाजूला उभे राहावे, खेळावे. पैगंबर सजद्यात असताना त्यांचा नातू पाठीवर चढला, तेव्हा त्यांनी सजदा लांबवला, पण नातवाला ढकलले नाही. आपण मात्र जानमाजवर आलेल्या पोराला डोळे वटारतो. ज्या जागी नेहमी दटावणी मिळते, त्या जागेची ओढ त्याला कशी लागेल?

आणि खरे बोलणे! एका बाईने आपल्या मुलाला, "ये, तुला काही देते," म्हणून हाक मारली. काय देणार आहेस, असे पैगंबरांनी विचारले. ती खजूर देणार होती. काही दिले नसतेस तर हे खोटे तुझ्या नावे लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला बजावले. आपण दिवसातून किती वेळा मुलांना फसवे आमिष दाखवतो, ते ज्या आईने त्याने मोजावे.

रोजाची गोष्ट सांगते. 2019 साली रमजान मे महिन्यात होता. रोजा चौदा तासांहून लांब. माझी मुलगी नऊ वर्षांची. हट्टाने सेहरीला उठली. दुपारी जोहरच्या वेळी तिचे ओठ सुकले, डोळे ओढले. ओटीवरच्या बाया कौतुकाने म्हणत होत्या, "धर गो, मोडू नको." मी तिला आत नेले व पाणी पुढे केले. ती रडू लागली. "अम्मी, अल्लाह रागावेल ना?" मी म्हटले, "बाळ, वयात येईपर्यंत रोजा तुझ्यावर फर्ज नाही. आजारी माणसाला आणि वाटसरूला ज्याने सवलत दिली, तो तुझ्यावर कशाला रागावेल?" ती पाणी प्याली. संध्याकाळी सर्वांपुढे खजूर तिनेच मांडले. काही बायांना माझे करणे रुचले नाही. पण भीतीने धरलेला रोजा भीती सरली की सुटतो.

दोन वर्षांनी तिने आपण होऊन रोजा धरला. असरच्या वजूला ती मोरीत गेली. मी दाराआडून पाहिले. चूळ भरली, थुंकून टाकली. पुन्हा भरली, पुन्हा टाकली. तोंडात थंड पाणी होते, आणि कुणी पाहत आहे हे तिला ठाऊक नव्हते. एक घोट गिळला असता तर कुणाला कळणार होते? भगिनींनो, मला हवे होते ते हेच. आज ती शिकायला परगावी असते. माझी नजर तिथवर पोचत नाही, ती पोचायची गरजही नाही.

शेवटी फितऱ्याविषयी. ईदच्या नमाजेपूर्वी घरातल्या माणशी धान्य गरिबाला द्यायचे असते. आम्ही शाफई, माणशी सुमारे अडीच किलो तांदूळ देतो. ते माप मुलांच्या हातून भरावे, आणि घरात आपण जो तांदूळ खातो तोच भरावा. तसेच कालवण रटरटत असेल तर त्यात थोडे पाणी वाढवून शेजारी वाटी पाठवावी, ही पैगंबरांचीच शिकवण. वाटी नेताना मुलाने शेजाऱ्याची जात, धर्म विचारू नये, आणि आपणही सांगू नये.

मुले आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या हाताकडे जास्त पाहतात. हात नीट चालले तर ईमान आपोआप रुजते.