रक्तदात्याच्या लोहाची शिल्लक

रक्तदान हे श्रेष्ठ दान होय, हे वचन आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या तोंडी रुळले आहे. बीदर जिल्ह्यातील निर्णा असो वा सीमाभागातील दुसरे एखादे गाव, शिबिर भरले की बाह्या सरसावून पुढे येणारे बहुधा तेच ते तरुण असतात. समाज त्यांचा ऋणी आहे. परंतु वारंवार देणाऱ्याच्या देहातून नेमके काय जाते, याचा विचार क्वचितच होतो.

रक्तातील पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशीही काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात. लोहाचे तसे नाही. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे १६० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. आहारातून मात्र दिवसाकाठी एक-दोन मिलिग्रॅमच अंगी लागते, आणि त्यातील बरेचसे रोजची झीज भरण्यातच खर्ची पडते. भारतातील नियमाप्रमाणे पुरुषाला ९० व स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. इतक्या अवधीत गेलेले लोह परत येईलच, अशी खात्री नसते. मासिक पाळीमुळे स्त्रियांची तूट तर अधिकच असते.

मग दानापूर्वीच्या तपासणीत ही उणीव का दिसत नाही? बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बुडाला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असे मानतात. कित्येक ठिकाणी हेच मोजमाप लहानशा यंत्राने होते. परंतु डब्यात पीठ आहे, म्हणून कणगीत दाणा आहेच असे नव्हे. शरीर आधी साठा उपसते. तो संपत आल्यावरच हिमोग्लोबिन घसरू लागते.

या कणगीचा अंदाज फेरिटिन नावाच्या प्रथिनावरून येतो. हे प्रथिन १९३७ साली लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने वेगळे केले, आणि १९७२ साली वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी रक्तातील त्याचे अल्प प्रमाण मोजण्याची रीत दिली. निरोगी प्रौढात ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमहून कमी असल्यास लोहाचा साठा संपला असे समजावे. ताप वा दाह असताना हा आकडा फसवा वाढतो, हेही ध्यानी ठेवावे. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून दात्यांचे फेरिटिन तपासू लागले. ते १५ च्या खाली गेल्यास दात्याला वर्षभर विश्रांती देण्यात येते.

गावच्या शिबिरात ही तपासणी सहसा होत नाही. तरीही एक साधा उपाय हाती आहे. प्रत्येक दानाच्या वेळचा हिमोग्लोबिनचा आकडा दात्याने वहीत टिपून ठेवावा. पंधरावरून चौदा, चौदावरून तेरा अशी उतरण दिसली, तर ‘उत्तीर्ण’ असूनही तो इशाराच होय. सततचा थकवा, जिन्यावर लागणारी धाप, माती खाण्याची अनावर इच्छा, यांपैकी काही जाणवल्यास शहरातील प्रयोगशाळेत फेरिटिन तपासून घ्यावे.

ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांत लोह आहे, पण ते अंगी थोडेच लागते. जेवणात लिंबू पिळल्याने ते अधिक लागते, जेवणालगतच्या चहाने घटते. साठा रिता झाला असेल, तर केवळ आहारावर विसंबू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि पुढचे दान काही महिने लांबवावे. रुग्णाला आजच्या बाटलीइतकीच पुढील वीस वर्षे देऊ शकणाऱ्या दात्याचीही गरज आहे.