किडीच्या बाजूने वाचायचा नकाशा



वेळ थोडा आहे, म्हणून एकाच विषयाला हात घालतो. गव्हाच्या कीडप्रतिकाराचे जनुकीय नकाशे आपण गुणसूत्रांच्या बाजूने वाचतो. ते किडीच्या बाजूनेही वाचायला हवेत, आणि त्यासाठी शेतात बसून कीड मोजणारी माणसे हवीत.

गव्हाच्या जीनोमचा संदर्भ आराखडा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 21 गुणसूत्र-जोड्यांच्या या अवाढव्य जीनोममध्ये पूर्वी एकेका मार्करसाठी वर्षे जात. आता हजारो मार्कर एका चिपवर मिळतात. अडते ते मोजणीपाशी. तांबेऱ्याचे बीजाणू फवारून रोग लावता येतो. कीड मात्र तिच्या वेळेला येते, एका कोपऱ्यात दाट पडते, दुसऱ्या कोपऱ्यात फिरकतही नाही. मग किडीपासून सुटलेली ओळ आणि प्रतिकारक ओळ यांतला फरक कळायचा कसा? तिथे चुकलेली नोंद कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

कॅनडा आणि मोंटानातली सॉफ्लाय पाहा. मादी काडीच्या आत अंडे घालते, अळी काडी पोखरत खाली उतरते आणि बुडाशी कापते. काढणीच्या तोंडावर पीक आडवे. भरीव काडीत अळीचे फारसे चालत नाही, हे ओळखून कॅनडाने 1946 मध्ये ‘रेस्क्यू’ हे वाण दिले. 2004 मध्ये मोंटानाच्या संशोधकांनी भरीवपणाचा मोठा वाटा 3बी गुणसूत्राच्या लांब भुजेवर दाखवला. हा नकाशा इतका स्वच्छ निघाला, कारण काडी उभी चिरून प्रत्येक कांड्याला एक ते पाच गुण देता येतात. तरीही वाढीच्या काळात आभाळ राहिले तर तीच काडी पोकळ निघते. म्हणून एका हंगामाच्या आकड्यांवर विसंबू नये.

याहून अवघड काम होते ओंबीवरच्या मिजमाशीचे. ज्वारीवरची मिज आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ही तिच्याच कुळातली. 1983 मध्ये सस्कॅचवानमध्ये तिचा मोठा उद्रेक झाला. संध्याकाळी मादी ओंबीवर अंडी घालते, अळी कोवळ्या दाण्याचा रस शोषते, दाणा सुरकुततो. विनिपेगच्या शास्त्रज्ञांना असे गहू सापडले, ज्यांच्या दाण्यात अळीने खायला सुरुवात करताच फेरुलिक आम्ल झपाट्याने वाढते आणि अळी उपाशी मरते. हा गुण एसएम-1 या एकाच जनुकाचा, 2बी गुणसूत्राच्या आखूड भुजेवरचा.

आता हाच नकाशा माशीच्या बाजूने वाचा. तिला एकच कुलूप उघडायचे आहे. कॅनडातल्या पैदासकारांनी हे वेळीच ओळखले. 2010 पासून प्रतिकारक वाणाचे बियाणे मिश्रण म्हणूनच विकले जाते: 90 टक्के प्रतिकारक, 10 टक्के साधे. साध्या झाडांवर साध्या माश्या जगतात, आणि एखादी प्रतिकार मोडणारी माशी निपजलीच तर तिचा संकर त्यांच्याशीच होतो. मिश्रणाचे प्रमाण बिघडू नये म्हणून घरचे बियाणे किती पिढ्या वापरायचे, याचा करार शेतकरी करतात. एसएम-1 नेमके कोणते जनुक, हे 2020 मध्ये कळले. ते राखायची व्यवस्था दहा वर्षे आधी उभी होती. मला या सगळ्या कथेत ही व्यवस्था सर्वांत मोलाची वाटते.

जिथे ही सावधगिरी नव्हती तिथले उदाहरणही आहे. कोलोरॅडोत 1994 मध्ये रशियन माव्याविरुद्ध ‘हॉल्ट’ हे वाण आले, डीएन-4 या जनुकाच्या बळावर. 2003 मध्ये त्याला दाद न देणारा मावा तिथेच सापडला. हेसियन माशीविरुद्धची जनुके तर तिसाहून अधिक नोंदली गेली आहेत. माशी बदलत गेली, म्हणून यादी लांबत गेली.

आपल्याकडे गव्हाच्या पैदाशीत तांबेऱ्याला अग्रक्रम मिळाला आणि तो योग्यच होता. पण उशिरा पेरलेल्या गव्हावर मावा कसा चढतो, हे नाशिक-नगरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खोडकिडाही आहेच. मोजणीची परंपरा आपल्याजवळ आहे: ज्वारीच्या खोडमाशीसाठी ओळीओळीने पोंगेमर मोजणारी मंडळी याच सभागृहात बसली आहेत. त्याच मोजणीच्या जोरावर ज्वारीत खोडमाशी-प्रतिकाराचे नकाशे निघाले. गव्हासाठी तेवढी चिकाटी आपण अजून दाखवलेली नाही, याची मला खंत आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. गव्हाच्या प्रत्येक नकाशा-प्रकल्पात कीटकशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून भागीदार असावा. एकच ओळींचा संच निदान तीन ठिकाणी, वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांत तपासला जावा. फुटव्यागणिक मावा मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव शोधनिबंधाच्या तळटीपेत नव्हे, लेखकांमध्ये यावे. आणि एका जनुकावर उभे असलेले वाण प्रसारित करताना ते किती वर्षे आणि कसे राखणार, याचा आराखडा वाण-समितीपुढे सोबत ठेवावा. दुपारच्या सत्रात या चार मुद्द्यांवर ठराव मांडला जाईल. त्यावर कडाडून चर्चा करा.