दुखत नाही तोच पाय धोक्याचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव आणि कर्ज यांवर सकाळपासून बोलून झाले. आता पायांबद्दल बोलू. आम्ही शेतकीचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या भांडवलात जमीन आणि बैलांबरोबर त्याचे दोन पायही येतात. त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

साखरेचा आजार म्हणजे शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाचा, ही समजूत आता सोडा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि खेडी त्यातून सुटलेली नाहीत.

मधुमेहात पाय का जातो? साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसांची जाणीव मरते. रक्तवाहिन्या अरुंद होतात. बिडी-तंबाखू त्यात भर घालते. मग पराटीचा खुंट लागो की ज्वारीचे धसकट, कळतच नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले, आठवा. बोंड बाहेरून हिरवेगार, आतून पोखरलेले. तळपायाच्या घट्ट्याखालची जखम अशीच असते. वेदना हा आपला राखणदार आहे. तो झोपला की शेत उघडे पडते.

राखणदार जागा आहे का, हे घरीच तपासता येते. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी ही रीत सांगितली. मधुमेह्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलके बोट टेकवा. दाबू नका, घासू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर जाणीव कमी झाली आहे. डॉक्टरांना दाखवा.

अशा माणसाने रोज रात्री तळपाय पाहावेत; वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. टाचेला तेल लावावे, बेचक्यांत नको. अनवाणी अंगणातही जाऊ नये. शेतात जाड तळाचा, बोटे झाकणारा बूट घालावा आणि घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट बोलतो. भेगांवर बिब्बा नको. तापल्या विटेचा शेक नको. बधिर पाय भाजला तरी समजत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका, त्या पायावर भार देऊ नका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दवाखाना गाठा. नुसत्या मलमाने ती भरत नाही. पाय काळा पडला, वास आला, ताप आला किंवा जखम नसतानाही एक पाय सुजून गरम झाला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पण आपल्याकडे म्हणतात, “वेचणी होऊ द्या, मग पाहू.” जास्त करून बायाच म्हणतात, कारण वेचणीला वाकलेल्या त्याच असतात. कापूस आठ दिवस थांबला तर प्रत घसरेल. जखम आठ दिवस थांबली तर पाय जाऊ शकतो, आणि त्याचा पुढला हंगाम नाही.

तिशी ओलांडलेल्यांची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात. नवरा-बायको दोघांनीही जावे. पुढच्या बैठकीला याल तेव्हा गावातल्या प्रत्येक मधुमेह्याचे पाय पाहून या.